गुलब्याचं आवतन

ईश्वरदास हेडाऊंनी चंपतराव गोतमारेंना पहिल्यांदा पाहिलं ते तळपायांपासून वर, आणि तेही फक्त घोट्यांपर्यंत. ईश्वरदास त्या वेळी करंजखेडी गावात, चंपतरावांच्या अंगणात, चिंचेच्या झाडाखाली, एका गंजक्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली उताणे पडले होते. त्यांच्या सदऱ्याची बाही वर कशात तरी अडकली होती आणि त्यांना बाहेर येता येत नव्हतं.

ते पाय कसले, दोन शेतं होती, सातबाऱ्यासकट. रुंदी अशी, की तलाठ्याने मोजणीची साखळी घरी ठेवून चंपतरावांना नुसतं बांधावरून चालवलं असतं तरी तालुक्याची मोजणी झाली असती. टाचांच्या भेगा इतक्या खोल, की एकीत मागच्या हंगामातली तूर उभी आहे असा ईश्वरदासांना भास झाला. मग त्या दोन पायांच्या मधोमध कुऱ्हाडीचं पातं येऊन टेकलं, आणि वरून जो आवाज आला त्याने चिंचेवरचे कावळे उडाले. पेंचच्या जंगलात एखाद्या वाघाने कान टवकारले असतील तर त्यात वाघाची चूक नाही.

“कोन हाय बे खाली?”

“मी हेडाऊ,” ट्रॅक्टरखालून उत्तर आलं. “नागपूरचा. लग्नाले आलतो जी.”

“लग्न तिकडं शाळेपाशी हाय. इथी काय ट्रॅक्टरशी लगन लावून राहिले का?”

“पाहून राहिलो,” ईश्वरदास म्हणाले. “पसंत हाय.”

ईश्वरदासांचा हा नेहमीचाच प्रकार होता. लग्न कुणाचंही असो, मांडवात पाऊल टाकण्याआधी ते त्या गावातले गोठे, खळी आणि उकिरडे फिरून येत. बाकीचे पाहुणे नवरीचा रंग आणि जेवणातली वडी पाहतात. ईश्वरदास कडब्याच्या ढिगातून डोकावणारं चाक पाहतात. गेल्या दहा वर्षांत त्यांनी एकही मंगलाष्टक पूर्ण ऐकलेलं नाही. पण कामठीपासून काटोलपर्यंत कोणाच्या घरामागे कोणत्या सालचा ट्रॅक्टर गंजत पडला आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा, ते चाकाच्या मापासकट सांगतील.

आणि या माणसाच्या नावावर शेत म्हणून इंचभर नाही. हेडाऊंचं घराणं नागपुरातल्या विणकरांचं. चार पिढ्यांनी माग चालवला, करवतकाठी लुगडी विणली, आणि मातीशी संबंध ठेवला तो तुळशीच्या कुंडीपुरता. माग बंद पडल्यावर ईश्वरदास एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि चौतीस वर्षं फिटर म्हणून राबून निवृत्त झाले. मग घरच्यांना वाटलं, आता माणूस घरी बसेल. माणूस घरी बसला नाही. त्याने लकडगंजात, लाकडं चिरणाऱ्या एका आरा मशीनच्या मागे, पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि तीत एकामागून एक सात जुने ट्रॅक्टर आणून उभे केले. पोहता न येणाऱ्याने सात होड्या पाळाव्यात तसा हा प्रकार होता.

आठवा हार्वेस्टर. गहू कापायचा, घराएवढा. तो शेडमध्ये आणला तेव्हा शेडला तीनच भिंती होत्या. पाऊस आत येतो म्हणून ईश्वरदासांनी हौसेने, ट्रॅक्टरपुरतं दार ठेवून, चौथी बांधून घेतली आणि बांधून झाल्यावर गवंड्याने विचारलं, “काकाजी, हे मशीन बाहेर कुठून काढसान?” ईश्वरदासांनी मशीनकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाले, “कायले काढायचं?” तेव्हापासून हार्वेस्टर आत आहे.

“लोकायचे नवरे रिटायर झाले का भजनाले बसतात,” त्यांच्या पत्नी सुभद्राबाई शेजारणींना सांगत, “आमच्यानं ट्रॅक्टरायचा वृद्धाश्रम उघडला वं बाई. अन् एकाही म्हाताऱ्याचा पोरगा भेटाले येत नाई.”

तर चंपतरावांनी पाहुण्याची बाही कुऱ्हाडीने तोडली आणि पाहुण्याला पाय धरून बाहेर ओढलं. लग्नासाठी घातलेला सदरा एका बाहीचा झाला, पण ईश्वरदासांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते उभे राहून ट्रॅक्टरभोवती फेरी घालत होते.

ट्रॅक्टर परदेशी बनावटीचा होता, एकाच सिलिंडरचा. नावाची पट्टी केव्हाच गळून पडली होती. गाव त्याला ‘रशियन’ म्हणे आणि घर त्याला ‘गुलब्या’ म्हणे. कारण आला तेव्हा तो लालभडक होता, ऊन खाऊन खाऊन गुलाबी झाला, आणि पुढे गंजाचा झाला तरी नाव तेच राहिलं. सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. स्टेअरिंगमधून कोहळ्याचा वेल वर गेला होता. अवजारांच्या पेटीत मांजरीची तिसरी पिढी डोळे उघडत होती.

“इकता का जी?” ईश्वरदासांनी विचारलं.

“बापाले कोनी इकते का?”

“बाप?”

“बापाचा हाय. एकच गोठ झाली.”

मग पाण्याचा तांब्या आला, चहा आला, आणि चंपतरावांनी गोष्ट सांगितली. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. वडिलांनी बैलजोडी काढून टाकून करंजखेडीत पहिला ट्रॅक्टर आणला. पोळा आला. गावाचे सगळे बैल सजून तोरणाखाली रांगेत लागले, मानकरी पाटलाची जोडी सगळ्यांत पुढे. वडिलांकडे बैल नव्हते, म्हणून त्यांनी गुलब्याला झूल घातली, गळ्याच्या जागी घुंगरमाळ बांधली आणि रांगेच्या शेवटी नेऊन उभा केला. मानकऱ्याने चांदीच्या कड्याची काठी आडवी धरली. म्हणाला, चाकाच्या जनावराला तोरण नसतं. सगळं गाव हसलं. दहा वर्षांचे चंपतराव ट्रॅक्टरवर बसलेले होते. त्यांना ते हसू अजून ऐकू येतं.

“मंग?”

“मंग बाप काय गप बसते?”

पुढल्या पोळ्याला वडिलांनी गुलब्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर नेला. मानकऱ्याने झडती म्हणायला, म्हणजे तोरणाखाली उभं राहून ललकारी द्यायला, तोंड उघडलं आणि वडिलांनी इंजिन सुरू करायचा हँडल मारला. ढप्! ढप्! ढप्! एका सिलिंडरचा तो आवाज पाण्यावरून येई आणि मानकऱ्याचं तोंड नुसतं माशासारखं उघडमीट करताना दिसे. हा सूड चोवीस वर्षं चालला. चोवीस वर्षं करंजखेडीला झडती ऐकू आली नाही. मग वडील वारले, आणि गुलब्या चिंचेखाली उभा राहिला तो राहिलाच.

“इकायचा नाई,” चंपतराव शेवटी म्हणाले. “पन एक सांगतो. या पोळ्याले गुलब्या आपल्या पायानं चालत तोरणाखालून गेला, त घेऊन जा. तुमचा. ढकलत नेला, नाई त दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढला, त जमनार नाई. अन् नाई चालला, त पुन्हा या अंगनात पाय ठेवायचा नाई. मी हात लावू देनार नाई कोनाले. इथीच माती होईन त्याची.”

ईश्वरदासांनी बोटांवर महिने मोजले. वैशाख चालू होता, पोळा श्रावणी अमावास्येला. “झालं म्हनून समजा,” असं म्हणून ते एका बाहीने लग्नाला गेले. पंगती उठल्या होत्या.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते नागपूरहून पारशिवनीची बस धरत आणि तिथून कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून करंजखेडीला येत. खांद्यावर वडिलांची कापडी झोळी. एके काळी तिच्यातून लुगडी बाजारात जात; आता पाने, हातोडी आणि एक डबा भरून खळ जाई. सुताला लावायची ती खळ हेडाऊंच्या घरात सर्व रोगांवरचा उपाय होती. फाटकी वही असो, गळका नळ असो की इंजिनाचं डोकं, ईश्वरदास साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापत, खळीत भिजवत आणि बसवत. वर्कशॉपमधले साहेब हसायचे, पण गळती थांबायची.

काम करताना ते ट्रॅक्टरशी पेशंटसारखं बोलत. “खोकला हाय तुले,” म्हणत. “छातीत कफ हाय.” चंपतरावांच्या पत्नी सखूबाई हे सगळं ओट्यावरून, शेंगा फोडत, पाहत असत. त्यांना ती जागा मिरच्या वाळवायला हवी होती, त्यामुळे गुलब्या एकदाचा जावा असं त्यांना तीस वर्षांपासून वाटत आलं होतं. पण कुतूहल कुणाला सुटलं आहे? एक दिवस त्या उठून जवळ आल्या.

“काय पाजून राहिले जी त्याले?”

“रॉकेल अन् तेल, वहिनी. याचा पिस्टन झोपलेला हाय. पाजल्याबिगर जागा नाई होत.”

“पेते का?”

“पेते ना!” पिस्टनला तेल जात होतं ते वेगळ्याच भोकातून, पण कौतुकाने कोणी विचारलं की ईश्वरदासांना सगळाच ट्रॅक्टर दाखवायचा असे. त्यांनी डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं. “हे पाहा याचं तोंड. जे देसान ते इथून. जनावरच हाय वहिनी, फक्त शेन टाकत नाई.”

सखूबाईंनी वाकून तोंडात पाहिलं. “दात नाई याले.”

“वय झालं ना.”

त्या दिवसापासून सखूबाई कोंबडीला सीटवर बसू देईनात.

सोळा दिवस तेल पिऊन पिस्टन सुटला. कोहळ्याचा वेल सन्मानाने कुंपणावर हलवला गेला, मांजरीला पिल्लांसकट खोपडीत जागा मिळाली. आषाढात एके सकाळी ईश्वरदास म्हणाले, आता हँडल मारून पाहू. चंपतरावांनी धोतर खोचलं.

“बापानं मारला, आता मी मारन.”

“चंपतभाऊ, थो उलटा येते. आंगठा बाहीर ठेवा.”

“मले सांगता का? दहा वर्साचा होतो तवापासून पाहून राहिलो मी त्याले.”

पाहत आले होते हे खरं, पण मारला कधी नव्हता. इंजिनाने एकदा ‘ढप्’ केलं, हँडल उलटा आला, आणि चंपतरावांचं मनगट जिथे वाकायला नको तिथे वाकलं.

ईश्वरदासांनी त्यांना तसेच नागपूरला, धंतोलीत आणलं. तिथल्या एका हाडांच्या दवाखान्यात ईश्वरदासांची मुलगी ऋतुजा काउंटरवर बसते, तेव्हा लवकर नंबर लागेल हा हिशेब. ऋतुजाने फॉर्म पुढे ओढला.

“काकाजी, कशानं लागलं?”

“ट्रॅक्टरनं मारलं.”

“म्हणजे अपघात. कोणत्या रोडवर?”

“रोडवर नाई वं बाई. अंगनात.”

“चालवत कोण होतं?”

“कोनीच नाई.”

“मग ट्रॅक्टर चालू कसा होता?”

“चालू कुठी होता? तीस वर्सांपासून बंदच हाय.”

ऋतुजाने पेन खाली ठेवलं आणि वडिलांकडे पाहिलं. वडील भिंतीवरचा हाडांचा तक्ता फार लक्ष देऊन वाचत होते. मागे रांगेत यवतमाळचे एक गृहस्थ, एक गोंदियाची म्हातारी आणि कमरेला पट्टा बांधलेले एक मास्तर होते. तिघांचे कान या काउंटरला चिकटले होते. ऋतुजाने उसासा टाकला आणि फॉर्मवर लिहिलं: ‘घरच्या जनावराने लाथ मारली.’

चंपतरावांनी ते वाचून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. गावी परतल्यावर ते प्लास्टर घातलेला हात पुढे करून पारावर सांगत फिरले, “लाथ मारते, म्हंजे जित्ता हाय! दवाखान्यानं लिहून देलं.”

नागपंचमीला गुलब्या सुरू झाला आणि अकरा ढप् करून थांबला. मग एक एक ढप् वाढत गेला. ईश्वरदास डोळे मिटून, कान इंजिनाला लावून उभे राहत. लहानपणी मागाच्या खटक्यावरून त्यांना कळे की कुठे धागा तुटला. तसंच त्यांना आता कळे की कितव्या ठोक्याला गुलब्याचा श्वास अडकतो. अडकायचा मात्र तो हमखास. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत अवस्था अशी होती: सुरू व्हायला वीस-पंचवीस हँडल, आणि सुरू झाला की पाच मिनिटं. घरापासून तोरणापर्यंत जायचं, रांगेत उभं राहायचं, झडत्या संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, आणि मग तोरणाखालून निघायचं. पाच मिनिटांत हे कसं बसायचं?

“उद्या सकाळी येतो,” ईश्वरदास उतरलेल्या चेहऱ्याने म्हणाले. “एक जाड पुठ्ठा घरी हाय. अन् आमच्या घरचीले पोळा पाहायचा हाय.”

ते दुपारच्या बसने नागपूरला गेले. त्यामुळे संध्याकाळी चिंचेखाली काय झालं, हे त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सुभद्राबाईंना घेऊन आले तेव्हा गुलब्या ओळखू येत नव्हता. पाठीवर झूल, धुराच्या नळीला बेगड, पुढच्या चाकांच्या मधे घुंगरमाळ, आणि बॉनेटला दोन्ही बाजूंनी पिवळी हळद. ईश्वरदासांनी जाड पुठ्ठा बसवला, देवाचं नाव घेतलं आणि हँडल मारला. तिसऱ्याच हँडलला गुलब्या सुरू झाला. ढप्, ढप्, ढप्, ढप्. एकही ठोका चुकत नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ईश्वरदासांनी कान लावला आणि त्यांचा विश्वास बसेना.

“अजी,” सुभद्राबाई नाकाला पदर लावत म्हणाल्या, “याच्या धुरातून फोडणीचा वास काहून येऊन राहिला?”

“खळ जळून राहिली असन.”

“खळीचा असा वास येते होय? हा त जवसाच्या चटणीचा हाय. भूक लागली मले.”

चंपतराव ट्रॅक्टरवर चढले. प्लास्टर आठ दिवसांपूर्वीच निघालं होतं. गोरं पडलेलं मनगट स्टेअरिंगवर चमकत होतं. ईश्वरदास बाजूने, कान इंजिनाकडे करून, तिरके तिरके चालत होते. गुलब्या ज्या ज्या घरावरून गेला तिथल्या बायका आधी स्वयंपाकघरात डोकावून आल्या आणि मग बाहेर आल्या.

एके काळी या पोळ्यात साठ जोड्या लागत. आता चार होत्या. बाकी गाव केव्हाच नव्या ट्रॅक्टरांवर गेलं होतं, पण तोरणाखाली ट्रॅक्टर न्यावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. ते आपले घरी धुऊन ठेवलेले. जुन्या मानकऱ्याचा नातू जितेंद्र पारशिवनीत मोबाइलचं दुकान चालवत असे. त्याच्या घरीही बैल नव्हते. मानाची जोडी त्याने साळ्याकडून, म्हणजे बायकोच्या भावाकडून, मागून आणली होती. काठी मात्र आज्याची होती, चांदीच्या कड्याची, आणि गुलब्या ढपढपत रांगेच्या शेवटी येऊन लागताच ती आडवी झाली.

“चंपतकाका, नाराज नका होऊ. आज्यानं नाई म्हटलं, त मी हो कसं म्हनू?”

“अबे, तुह्या घरी तरी बैल हाय का?” गर्दीतून कोणीतरी विचारलं.

“साळ्याचे हाय ना.”

“मंग साळ्याले दे मान!”

लोक हसले. या वेळी हसू जितेंद्रकडे गेलं हे चंपतरावांना जाणवलं आणि ते सीटवर जरा ताठ झाले. जितेंद्रचे कान लाल झाले. पण तो दुकानदार होता. गिऱ्हाईक भांडायला लागलं की नियम दाखवायचा, हे त्याला ठाऊक होतं.

“ठीक हाय. जनावर म्हनता ना तुमी याले? मंग सांगा. काल याची खांद शेकली का? आवतन देलं का? बिनाआवतनाचं जनावर तोरणाखाली येत नाई. हे त आख्ख्या गावाले मान्य हाय?”

गावाने माना डोलावल्या, कारण ते मान्य होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांद हळद-लोण्याने चोळतात, पळसाच्या पानाने शेकतात, आणि त्याच्या कानात सांगतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ ज्याला बोलावणंच गेलं नाही तो पाहुणा मांडवात कसा येणार? चंपतरावांनी ईश्वरदासांकडे पाहिलं. ईश्वरदासांनी चंपतरावांकडे पाहिलं. एकाने वयाच्या दहाव्या वर्षापासून बैल बांधला नव्हता, दुसऱ्याने जन्मात नाही. चार महिन्यांच्या खटपटीत पिस्टन, पंप, पुठ्ठा सगळं आठवलं होतं, आणि हे राहून गेलं होतं. देवाच्या दारात खोटंही बोलता येत नव्हतं. गुलब्या मधल्या मधे ढपढपत होता.

“देलं,” बायकांच्या घोळक्यातून आवाज आला.

सखूबाई पुढे आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला.

“आवतन देलं. मी देलं. माह्या घरून चाललं जनावर, त्याले बिनाआवतनाचं कसं पाठवीन? सांजच्याले हळद-लोनी लावलं, पळसाच्या पानानं खांद शेकली, उद्या जेवाले ये म्हटलं. अन् बैलाले पाजतो तसं दोन शिशा जवसाचं तेल पाजलं. विचारा अजून काय विचारता त.”

गावाने असा काही गलका केला की साळ्याचे बैल बिचकले. जितेंद्रची काठी आपोआप खाली आली. त्या गलक्यात ईश्वरदास एकटेच सखूबाईंजवळ गेले आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, “वहिनी, तेल कुठून पाजलं?”

“तोंडातून. तुमीच त दाखवलं होतं.”

सकाळपासून गुलब्या एवढा सुरळीत चालत होता तो याच तेलावर, हे ईश्वरदासांना आता कळलं. लकडगंजात त्यांच्या शेडच्या समोर सुतार हेच तेल नव्या दारांना चोळतात. दोन दिवसांत ते वाळून लाखेसारखं घट्ट बसतं, पाण्याने जात नाही, रॉकेलने जात नाही. गरम इंजिनात तर एवढाही वेळ लागणार नाही. आत्ता, या मिनिटाला इंजिन बंद केलं, टाकी रिकामी केली, डिझेलचा पंप धुतला, तर गुलब्या वाचला असता. पण बंद केला, तर तो तोरणाखालून स्वतःच्या पायाने जाणार नव्हता. आणि पुन्हा सुरू होईल याची खात्री ब्रह्मदेवाला नव्हती.

“ईश्वरभाऊ,” चंपतराव वरून ओरडले, “तोंड काहून उतरलं? बंद करू का जराक?”

ईश्वरदासांनी वर पाहिलं. सीटवर अडुसष्ट वर्षांचा माणूस होता, पण बसला होता दहा वर्षांच्या पोरासारखा, दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरून.

“काही नाई,” ईश्वरदास म्हणाले. “चालू राहू द्या. बिलकूल बंद करू नका.”

झडत्या झाल्या. आवाज कोणाचाच नीट ऐकू आला नाही, पण त्याची गावाला जुनी सवय होती. शेवटी चंपतराव सीटवर उभे राहिले आणि इंजिनाच्या वरताण ओरडले:

“पाटलाच्या बैलाले झूल, माह्या गुलब्याले धूर;
पन्नास वर्सं अडवलं गा, आता तोरणा हो दूर!”

तोरण तुटलं, पोळा फुटला. चार जोड्या धावत सुटल्या आणि त्यांच्या मागून गुलब्या, माणसाच्या चालीने, चटणीच्या वासाचा धूर सोडत, तोरणाच्या लोंबत्या आंब्याच्या पानांखालून निघून गेला. चंपतरावांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ईश्वरदासांच्याही येत होतं. दोघांनी धुराला दोष दिला.

इथे थांबता आलं असतं. पण पोळ्यातून आलेलं जनावर दारोदार जातं, बायका त्याचे पाय धुतात, त्याला ओवाळतात. आणि या वर्षी करंजखेडीतल्या एकाही घराला गुलब्याला सोडायचं नव्हतं. ईश्वरदास मागून “बस झालं जी, आता बंद करा,” म्हणत पळत होते. त्यांना प्रत्येक दारात पुरणपोळी मिळत होती, त्यामुळे तोंड भरलेलं होतं. एकविसाव्या दाराशी चाकांवर पाणी घातलं गेलं, कुंकू लागलं, आणि गुलब्या एकदा ढप् करून थांबला. नंतर पन्नास हँडल मारून झाले.

चंपतरावांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी गुलब्या ट्रकवर चढला. सखूबाईंनी त्याच्या सीटवर कोहळा ठेवला. सुभद्राबाई ट्रकवाल्याच्या शेजारी बसताना म्हणाल्या, “चला, आठचे नऊ झाले.”

लकडगंजात ईश्वरदासांनी पंप उघडला. आतला दांडा जवसाच्या तेलाने चिकटून बसला होता. काढताना तो मोडला. तसा दांडा पुन्हा कुठे मिळाला नाही. गुलब्या शेडमध्ये आहे, सुरू होत नाही.